भोक बुजवू नका

फोनवर बाई म्हणाल्या, एसी काढायचाय.
मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक.
मे महिन्यात कुणी काढत नाही.
मे महिन्यात लोक आम्हाला देवासारखं बोलावतात
आणि बिल बघताना चोरासारखं उभं करतात.

नेरूळ. सिडकोच्या जुन्या बैठ्या रांगेतलं
शेवटचं घर. कारखानीस बाई, वय बहात्तर.
उभा जन्म दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे
शाईने गिरवण्यात गेलेला.
एसी मुलाने बसवून दिला होता, कॅनडाला जाताना,
माझ्या समाधानासाठी, म्हणाला होता.
झालं त्याचं समाधान, बाई म्हणाल्या. आता काढा.

मी स्टूल मागितलं. त्यांनी आधी उदबत्ती लावली.
पूजा असेल म्हणून मी हात पुसले.
पूजा नाही हो, वारा बघा.

धूर क्षणभर सरळ उभा राहिला,
मग पश्चिमेच्या खिडकीतून कुणी फुंकर घातल्यासारखा वाकला,
कॉटवरच्या वर्तमानपत्राचा कोपरा उचलून
दाराच्या डोक्यावरच्या जाळीतून निघाला
आणि न्हाणीघराच्या उंच झरोक्यातून पसार.
दुपारचे अडीच.
खाडीवरून येतो, त्या म्हणाल्या, वेळेचा पक्का.
त्याला जायला वाट नसली तर तो आत तरी का येईल?

खिडकीला काच नव्हती. सागाच्या तिरप्या पट्ट्या.
ऊन पट्टीवर आदळून बाहेरच बसतं,
वारा खाली वाकून आत शिरतो.
छज्जा अडीच फूट. आधी दीड होता,
वरच्या एका फुटासाठी बाईंनी
परवानगीच्या खेपा घालून तीन चपला झिजवल्या.
गच्चीवर फुटक्या कपबशांचे पांढरे तुकडे,
एकावर अजून निळं फूल.
तापणाऱ्या भिंतीवर घोसाळ्याचा वेल.
भजी होतात, एवढंच म्हणाल्या त्याबद्दल.

मी गॅस उतरवला, पाइप कापला.
आमच्या धंद्यात थंडावा टनावर विकतात. एक टन, दीड टन.
आतली गरमी जाते कुठे, कुणी विचारत नाही.
शेजारच्याच्या खिडकीत जाते.
मग तो आम्हाला फोन करतो.

भिंतीतल्या भोकाला सिमेंट कालवू लागलो
तर म्हणाल्या, बुजवू नका, बारीक जाळी लावते.
छताखालची कोंडलेली हवा तिथूनही निघेल.

घणसोलीला माझी खोली. गावठाणातली इमारत,
चौथा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब.
समोरच्या खिडकीतून हात लांबवून मीठ मागता येतं.
दारावरची जाळी मीच बंद केली होती, प्लायवूड ठोकून,
जुना एसी घरी आणला त्या उन्हाळ्यात.
दोन बिलं आली, एसी विकला.
प्लाय राहिली. सहा वर्षं.

रात्री अकराला स्टुलावर चढून चार स्क्रू काढले.
प्रणाली म्हणाली, धूळ येईल. आली.
म्हणाली, डास येतील. तेही आले.
मी उदबत्ती लावली. धूर सरळ उभा.
बराच वेळ उभा.
समोर कुणीतरी मशीन चालू केलं,
खालच्या पत्र्यावर पाणी ठिबकू लागलं.
मी हातात प्लाय घेऊन तसाच;
तिची आतली बाजू काळी, बुरशी धरलेली.
पोरगी फरशीवर झोपलेली, कपाळावर केस चिकटलेले.

मग जिन्यातून काहीतरी वर आलं.
त्याला वारा म्हणायचं धाडस झालं नाही.
बसल्या बसल्या डुलकी लागून मान कलते ना,
धूर तेवढाच कलला,
दाराकडे.

प्रणालीने पाहिलं.
काही बोलली नाही. शिवणाच्या डब्यातून टेप काढली,
मला स्टुलावरून खाली उतरवलं,
आणि मच्छरजाळीसाठी माप घेऊ लागली.